शेताचा हिशेब कोणी शिकवायचा?

मंडळी, आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत मुलगा एसएससी झाला की प्रश्न एकच असायचा : कॉमर्स की सायन्स? आर्ट्सचं नाव मुलीसाठी निघायचं. शेतकीचं नाव मात्र मी कुणाच्याही घरी ऐकलं नाही. ज्यांच्या देशावर जमिनी होत्या त्या कुळकायद्यात गेल्या होत्या, आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांना मातीचा काय संबंध? वडील कचेरीत, काका रेल्वेत, मामा शाळेत. तेव्हा मीही सयाजीराव विद्यापीठात कॉमर्सला गेलो, पदवी घेतली, बँकेत लागलो आणि पाच-सहा वर्षांत डभोई-सिनोर बाजूच्या शाखेत जाऊन पडलो. तिथे समोर येणारा दहापैकी आठवा माणूस खेडूत. आणि मी शिकलो होतो काय, तर साबणाच्या कारखान्याचं प्रोसेस कॉस्टिंग.

ही तक्रार नाही. आमचे प्राध्यापक चांगले होते. पण या दोन विद्या, म्हणजे शेतीचं अर्थशास्त्र आणि धंद्याचं व्यवस्थापन, आपल्याकडं वेगवेगळ्या घरांत का वाढल्या, हे निवृत्तीनंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं. त्यात आपल्या बडोद्याचा भाग बराच मोठा आहे, आणि तो नव्या पिढीला अजिबात माहीत नाही. म्हणून हे लांबण.

आधी अंतर बघा. आपलं विद्यापीठ १९४९चं. कॉमर्स फॅकल्टी इथे. शेतकीचं कॉलेज आणंदला, १९४७पासून. (धारवाडचं शेतकी कॉलेजही १९४७चंच, तिकडच्या मंडळींना ठाऊक असेल.) बडोदा ते आणंद रेल्वेनं तासाभराचा प्रवास. पण आणंदचा विद्यार्थी बॅलन्सशीट न बघता पदवीधर व्हायचा आणि बडोद्याचा विद्यार्थी एकरी बियाणं किती लागतं हे न कळता. तिकडं शेतकी अर्थशास्त्र हा एक विषय असे, पण मान पीकशास्त्राला. इकडं भारतीय अर्थव्यवस्थेच्या पेपरात शेतीवर दोन-तीन प्रकरणं, त्यांतलं ‘जमिनीचे तुकडे पडण्याची कारणे’ हे हमखास येणारं. आम्ही कारणं पाठ केली, लिहिली, मार्क घेतले.

आता त्या तुकड्यांचीच गोष्ट सांगतो, कारण ती बडोद्यातून जाते.

सयाजीराव महाराजांना शेतीचा विषय कधी सुटला नाही. त्यांनी खासेराव जाधवांना विलायतेला शेतकी शिकायला पाठवलं. हे तेच खासेराव, ज्यांच्याकडं अरविंद घोष काही काळ राहत होते. शिकून आले ते पुढं महसुलाच्या कामात सुभे म्हणून गेले. शेतकी शिकलेला माणूस सारावसुलीला, ही रीत तेव्हापासूनची म्हणायची. शहरात त्याआधीच, १८८९मध्ये, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ काढलेली होती. देशात सहकाराचा कायदा आला १९०४ साली, म्हणजे ही मंडळी कायद्याच्या पंधरा वर्षं आधीची. आपल्या माणसांनी काढलेली, एकमेकांना गरजेला पैसे देणारी. पुढं तिची बँक झाली, शंभरी ओलांडली, आणि शेवटी या शतकात परवाना गेला. तो दुःखाचा भाग इथे नको. मुद्दा एवढाच की पैशाचा व्यवहार शिकणं बडोद्याच्या मराठी माणसाला नवं नव्हतं, फक्त तो व्यवहार पगारदारांचा होता. १९०८मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली, तीही व्यापारउदिमासाठी.

१९१७मध्ये महाराजांनी समिती नेमली : शेतजमिनीचे लहान आणि विखुरलेले तुकडे एकत्र कसे करावेत? समितीनं अहवाल दिला. मुंबई इलाख्यात कीटिंग नावाचे शेतकी खात्याचे मोठे अधिकारी याच प्रश्नावर लिहीत होते. सगळ्यांचं म्हणणं साधारण असं की कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन ती ‘परवडणारी’ जमीन, आणि तेवढे तुकडे जोडावेत.

त्याच १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. कचेरीतले शिपाई लांबून फायली टाकत, पारशी वसतिगृहातून त्यांना हाकललं, आणि अख्ख्या शहरात त्यांना एक खोली मिळाली नाही. तेव्हाच्या बडोद्यात मराठी वाडे कमी नव्हते, कचेरीतही आपलीच माणसं बहुसंख्य. हे आपण आपल्या आठवणींत लिहीत नाही. मी लिहितो आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९१८मध्ये, त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्यात त्यांनी कीटिंगसाहेबांचा आणि आपल्या बडोद्याच्या समितीचाही समाचार घेतला आहे. बँकेतल्या माणसानं वाचावा असा तो निबंध आहे. ते म्हणतात, पोट भरेल का हा प्रश्नच चुकीच्या बाजूनं विचारलेला आहे. शेत हा धंदा आहे, तेव्हा प्रश्न असा हवा की जमीन, माणसं, बैल, औतं, भांडवल यांचं एकमेकांशी प्रमाण काय? भांडवल आणि औतंच नसतील तर लहान शेतसुद्धा त्या शेतकऱ्याला मोठंच आहे. आणि एका तुकड्यावर गरजेपेक्षा जास्त माणसं बसली असतील तर तुकडे जोडून ती माणसं कुठं जाणार? त्यांना दुसरा उद्योग पाहिजे.

आता गंमत बघा. त्याच १९१८च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सिडनहॅम म्हणजे १९१३चं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज. म्हणजे शेतीकडं धंदा म्हणून बघणारा माणूस कॉमर्सच्या वर्गात उभा होता. त्या टोकाला धरून अभ्यासक्रम वाढले असते तर पुढची पन्नास वर्षं वेगळी गेली असती असं मला राहून राहून वाटतं. कॉमर्स कॉलेजं वाढली ती कारखाना, कंपनी कायदा आणि ऑडिट यांच्याकडं तोंड करून.

शेताचा हिशेब मांडणारे तयार झाले ते कॉलेजच्या वर्गाबाहेर, गावात जाऊन बसणारे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गाव घराघरानं तपासलं आणि १९१७मध्ये पुस्तक छापलं. आज तिथे आयटीवाल्यांचे टॉवर आहेत, तेव्हा कर्जात बुडालेलं खेडं होतं. मग धनंजयराव गाडगीळांची गोखले संस्था, १९३०ची. वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी त्यांनी १९४०मध्ये प्रसिद्ध केली. आणि आपल्या बडोदा संस्थानात सहकारी संस्थांचे रजिस्ट्रार राहिलेले सर मणिलाल नानावटी १९३६मध्ये रिझर्व बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले, पुढं इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सचे कित्येक वर्षं अध्यक्ष होते. बडोद्यातल्या खेड्यांतला अनुभव असा दिल्ली-मुंबईपर्यंत गेला. आमच्या बी.कॉम.च्या वर्गापर्यंत तो आला नाही.

१९५१-५२ची ग्रामीण पतपाहणी तर प्रत्येक बँकवाल्यानं भिंतीवर लावावी. समितीचे अध्यक्ष गोरवाला, सभासदांत गाडगीळ. शेतकऱ्याला मिळणाऱ्या शंभर रुपये कर्जातले सुमारे ७० रुपये सावकाराचे, सहकारी संस्थांचे ३ रुपये १० पैसे, आणि आमच्या व्यापारी बँकांचे? ९० पैसे. तेही बहुधा ज्याला नाही दिले तरी चाललं असतं अशा मोठ्या बागायतदाराला.

मग १९ जुलै १९६९. चौदा बँका सरकारी झाल्या आणि आम्हाला हुकूम आला : खेड्यात जा. गेलो. पण कर्ज कशाच्या आधारावर द्यायचं? कॉमर्सवाला तारण बघतो. तेव्हा बँकांनी शेतकी पदवीधर भरायला सुरुवात केली, फील्ड ऑफिसर म्हणून. आमच्या शाखेत आणंदचा एक मुलगा आला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मला ‘साहेब’ म्हणायचा, पण शिकवणी त्यानंच घेतली.

पहिलं भांडण केळीवरून. नर्मदाकाठी केळी मोठी. छापील फॉर्मवर पीककर्जाची मुदत बारा महिने. हा म्हणाला, साहेब, जूनमध्ये लावलेली केळ घड द्यायला तेरा-चौदा महिने घेते. बाराव्या महिन्याला हा माणूस पैसे आणणार कुठून? सावकाराकडून आणेल, तुमचं खातं बंद करेल, पंधरा दिवसांनी तुमच्याकडूनच नवीन कर्ज काढून सावकाराला देईल. तुमच्या रजिस्टरला वसुली शंभर टक्के. मी वहीत बघितलं तर खरंच, एकाच हंगामात ठरावीक खाती बंद होऊन दोन-तीन आठवड्यांत परत उघडलेली. आमचे वरचे लोक त्या वसुलीवर खूश होते. त्यानं तीन पानी पत्र लिहिलं, मी त्याला बँकेच्या भाषेत बसवलं. मुदत वाढवून मिळायला दोन वर्षं गेली. रिझर्व बँकेनं थकीत कर्जाची व्याख्या पिकाच्या हंगामाला बांधली ती २००४ साली. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षापेक्षा लांब पिकाला एक हंगाम. केळीनं तेरा महिने घेणं तर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

दुसरा धडा म्हशीचा. १९७८-७९पासून एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना आली, ८०पासून सगळ्या तालुक्यांत. गरीब घराला म्हैस घ्यायला कर्ज, त्यात सरकारी सबसिडी. हप्ते महिन्याचे, आणि आम्ही कॉमर्सवाले भागाकारात हुशार. कर्ज भागिले महिने, झाला हप्ता. आठ-नऊ महिने हप्ते यायचे, मग बंद. नोटीस काढली की बाई शाखेत यायची आणि म्हणायची, “साहेब, भेंस वसूकी गई.” म्हणजे म्हैस आटली. गाभण म्हैस तीन-चार महिने भाकड असते, खाते मात्र रोज. आमच्या फील्ड ऑफिसरनं एका कागदावर बारा महिने आडवे काढले, दुधाची रेघ उभी-आडवी काढली आणि दाखवलं : एक म्हैस दिली तर हे घर दरवर्षी तीन-चार महिने तोट्यात. दोन द्या, दुसरी सहा महिन्यांनी द्या, म्हणजे एक आटते तेव्हा दुसरी दुभती. योजनेच्या सूचनांत तसं होतंही, पण आकडा पुरा करायच्या घाईत दुसरी म्हैस कागदावरच राहायची. तो कागद म्हणजे कॅशफ्लो स्टेटमेंटच हो! मी ते पुस्तकात कंपनीसाठी शिकलो होतो, त्यानं म्हशीसाठी काढलं.

इथंच आणंदच्या दूध मंडळ्यांचं शहाणपण कळतं. खेडा जिल्हा संघ १४ डिसेंबर १९४६चा. आपली बडोदा डेअरी १९५७ची. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, तिथल्या तिथे फॅट बघायचं, त्याप्रमाणे भाव, मंडळीचा मंत्री वहीत लिहिणार आणि पैसे थोड्याच दिवसांत हातात. डॉ. कुरियन १९४९मध्ये आणंदला आले ते इंजिनियर म्हणून, व्यवस्थापनाची पदवी घेऊन नव्हे. त्यांना पुढं जाणवलं की शेतकऱ्याच्या मालकीची संस्था चालवायला वेगळी शिकलेली माणसं लागतात, कारण शहरी मॅनेजमेंट कॉलेजातून आलेली मुलं वर्षा-दोन वर्षांत साबणाच्या कंपनीत जातात. त्यातून १९७९मध्ये आणंदला इर्मा निघाली, ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी. मुलांना खेड्यात राहायला पाठवणं हा अभ्यासक्रमाचाच भाग.

अहमदाबादची आयआयएम १९६१ची, आणि तिथे पहिल्या काही वर्षांतच शेती आणि सहकार यांच्यासाठी वेगळा गट होता. तिथले संचालक रवी मथाई यांनी १९७२मध्ये आपणहून पद सोडलं आणि पुढं राजस्थानात जवाजा इथे विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर काम केलं. एवढ्या मोठ्या खुर्चीवरून उठून चपला शिवणाऱ्यांपाशी बसणारा प्राध्यापक म्हणजे माझ्या मते त्या संस्थेचा सगळ्यात चांगला अभ्यासक्रम. नंतर हैदराबादला राजेंद्रनगरची ‘मॅनेज’ १९८७मध्ये आली, अहमदाबादला शेती आणि अन्नव्यवसायाचा स्वतंत्र अभ्यासक्रम २०००पासून. आज तर शेतकी विद्यापीठांतसुद्धा ‘ॲग्री-बिझनेस मॅनेजमेंट’ आहे.

म्हणजे दोन विद्या शेवटी एकत्र आल्या, मग तुमचं दुखणं काय, असं कोणी विचारेल. सांगतो, पण त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

१९५४-५५पासून केंद्र सरकारनं निरनिराळ्या राज्यांत शेतीव्यवस्थापनाच्या पाहण्या केल्या, मुंबई राज्यात नगर आणि नाशिक जिल्ह्यांत. त्यांतून खर्च मोजायच्या पायऱ्या पक्क्या झाल्या. ए-टू म्हणजे रोख आणि मालाच्या रूपानं प्रत्यक्ष दिलेला खर्च : बी, खत, मजुरी, भाड्यानं घेतलेल्या जमिनीचा खंड वगैरे. त्यात एफ-एल मिळवलं की घरच्या माणसांची मजुरी आली. आणि सी-टूमध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरलं जातं.

कॉमर्सवाल्याला हे लगेच कळायला हवं. खंडेराव मार्केटातला दुकानदार दिवसभर गल्ल्यावर बसतो, दुकान त्याच्या बापाचं. नफा-तोटा पत्रकात ना त्याचा पगार, ना दुकानाचं भाडं. म्हणून नफा फुगलेला दिसतो. त्यानं तेच दुकान भाड्यानं देऊन नोकरी केली असती तर किती मिळालं असतं, हे वजा केल्यावर खरा नफा. शेतकऱ्याचंही तसंच. समजा एका पिकाचा रोख खर्च २०,००० रुपये, नवरा-बायको-मुलाची मजुरी १०,०००, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज मिळून १०,०००. दीडपट भाव द्यायचा म्हटला तर घरच्या मजुरीपर्यंत धरून ४५,००० होतात. सगळं धरलं तर ६०,०००. स्वामिनाथन आयोगानं उत्पादनखर्चाच्या वर किमान पन्नास टक्के म्हटलं. २०१८च्या अर्थसंकल्पात दीडपट जाहीर झाली ती ए-टू अधिक एफ-एल यांच्यावर. शेतकरी संघटना सी-टू मागतात. टीव्हीवर दोन्ही बाजू ‘दीडपट’च म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं भांडण कशाचं? भांडण मधल्या १५,००० रुपयांचं, आणि ते समजायला शेतकी अर्थशास्त्राचं एक प्रकरण पुरतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलीनं ॲग्री-बिझनेसला प्रवेश घेतला. बडोद्याच्या आमच्या गोतावळ्यातली शेतीशी नावापुरता तरी संबंध असलेली ही पहिलीच शिकणारी. मला फार आनंद झाला. तिची पुस्तकं मागून घेतली. पुरवठा साखळी, ब्रँड, रिटेल, वायदेबाजार, शीतगृहं. सगळं कामाचं आहे, टाकाऊ काही नाही. आमच्या काळी टोमॅटो रस्त्यावर ओतले जायचे, त्याला उत्तर त्यातच आहे. पण शेताचा खर्च मोजण्यावर एका पेपरातलं एक युनिट. मी विचारलं, “बेटा, सी-टू माहीत आहे?” ती म्हणाली, “आजोबा, ते इकॉनॉमिक्सवाल्यांना असतं. आम्हाला प्रोक्युरमेंट कॉस्ट.” म्हणजे कंपनीला माल घ्यायला काय पडलं ते.

बघा, खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली. बाबासाहेबांच्या निबंधात, गाडगीळांच्या वाईत, आमच्या फील्ड ऑफिसरच्या म्हशीच्या कागदात धंदा शेतकऱ्याचा होता आणि हिशेब त्याच्या बाजूनं मांडलेला होता. नव्या पुस्तकात धंदा शेतकऱ्याकडून माल घेणाऱ्याचा आहे. फी इतकी की कर्ज काढून शिकावं लागतं, आणि ते फेडायला कंपनीच लागते, हेही खरं. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पण शुद्ध शेतकी अर्थशास्त्राला मुलं कमी जातात आणि व्यवस्थापनाला रांग, असं चाललं तर पुढच्या वेळी केळीची मुदत बारा महिने छापली जाईल तेव्हा तीन पानी पत्र लिहिणारा कोणी शाखेत नसेल.

आपल्या कॉमर्स फॅकल्टीत सहकारी व्यवस्थापन आणि ग्रामीण अभ्यास असा विभाग आहे, हे आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना माहीतच नाही. नातवंडांना सांगा. त्या मुलीला मी सुट्टीत सिनोर तालुक्यात घेऊन गेलो होतो. जुना खातेदार भेटला, आता मुलगा शेती बघतो. तिनं त्याच्याशी बसून केळीच्या एका बिघ्याचा हिशेब वहीत लिहिला. घरच्या मजुरीच्या ओळीवर तो थांबला. म्हणाला, आईचे दिवस कसे मोजायचे, ती तर रोजच येते. तिनं आईला विचारून मोजले. वर्षाचे एकशे बारा निघाले.

धारवाड, परभणी, ग्वाल्हेर इकडच्या शेतकी कॉलेजांतून निघून सत्तरच्या दशकात बँकांत फील्ड ऑफिसर झालेली मराठी मंडळी या ग्रुपवर नक्की असतील. आपापल्या तालुक्यातलं पीक आणि त्याची तेव्हाची छापील मुदत लिहा.